शंभरात किती? मुंबईचे रक्तदाते आणि हिपॅटायटिस सी

ऑगस्ट २०२०. लालबागचा राजा त्या वर्षी बसला नाही. १९३४ पासून चालत आलेल्या उत्सवाला करोनाने खंड पाडला आणि मंडळाने मूर्तीऐवजी ‘आरोग्योत्सव’ मांडला. जिथे नवसाच्या आणि मुखदर्शनाच्या रांगा लागत, तिथे रक्तदानाच्या आणि प्लाझ्मादानाच्या नोंदी होऊ लागल्या. करोनातून बरी झालेली माणसे आपल्या रक्तातील पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा, अनोळखी रुग्णांसाठी देत होती. त्यात पैशाचा व्यवहार नव्हता.

‘प्लाझ्मा देणे’ हे शब्द त्या दिवसांत वर्तमानपत्रे कौतुकाने छापत होती. त्याच शब्दांचा तीसएक वर्षांपूर्वी याच राज्यात पुष्कळ निराळा अर्थ होता. तेव्हा प्लाझ्मा विकला जाई, आणि विकणाऱ्यांच्या शिरांत पुढे काय सापडले, ते भारतीय वैद्यकाच्या इतिहासातील एक अत्यंत अस्वस्थ करणारे पान आहे.

हा धागा एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा आहे. रक्त देणाऱ्या शंभर माणसांपैकी किती जणांना हिपॅटायटिस सी असतो? याचे उत्तर ‘एकाहूनही कमी’ असे आहे आणि ‘ऐंशीहून अधिक’ असेही आहे. दोन्ही उत्तरे पश्चिम भारतातली आहेत आणि आपापल्या ठिकाणी दोन्ही बरोबर आहेत. विषाणू तोच असताना आकडे इतके दूर का गेले, हे पाहायचे तर प्रयोगशाळेपेक्षा रक्तपेढीच्या दारात अधिक वेळ थांबावे लागते.

आधी रोगाविषयी थोडेसे. मराठीत ‘कावीळ’ या एका शब्दात बरेच आजार कोंबले जातात. पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणारी कावीळ वेगळी आणि रक्तावाटे येणारी वेगळी. हिपॅटायटिस सी ही दुसऱ्या जातीची. तिचे वैशिष्ट्य असे की, बहुतेकांना ती झाल्याचे कळतच नाही. डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही. लागण झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या शरीरात विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो आणि त्यांतील काहींचे यकृत वीसेक वर्षांत सिरॉसिसपर्यंत पोहोचते. प्रतिबंधक लस आजही नाही. म्हणजे रक्त देताना ठणठणीत वाटणारा मनुष्य पूर्णपणे प्रामाणिक असूनही दुसऱ्याच्या अंगात हा रोग पोहोचवू शकतो.

या विषाणूला बराच काळ स्वतःचे नावही नव्हते. अमेरिकेत हार्वे ऑल्टर आणि त्यांचे सहकारी रक्त घेतलेल्या रुग्णांचा पाठपुरावा करीत होते. १९६० च्या दशकात तिथे हृदयशस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी जवळजवळ ३० टक्के रुग्णांना पुढे यकृतदाह होई. हिपॅटायटिस बी ओळखता आला, पुढे ए ओळखता आला, तरी बरेच रुग्ण उरतच. मग १९७५ च्या सुमारास त्या आजाराला ‘नॉन-ए, नॉन-बी’ असे नाव मिळाले. हाही नव्हे आणि तोही नव्हे, एवढेच सांगणारे. १९८९ मध्ये मायकेल हाउटन यांच्या गटाने विषाणूचा जनुकीय माग काढला आणि त्याचे नाव ‘सी’ पडले. ऑल्टर, हाउटन आणि चार्ल्स राइस यांना नोबेल जाहीर झाले ते ५ ऑक्टोबर २०२० रोजी, लालबागच्या त्या उत्सवाला पुरते दोन महिनेही उलटले नव्हते तेव्हा.

ऑल्टर यांच्या कामातील एक तपशील या कथेसाठी फार मोलाचा आहे. १९७० च्या सुमारास त्यांच्या रुग्णालयाने दोन बदल केले. बी विषाणूची तपासणी सुरू केली आणि पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांना दार बंद केले. यकृतदाहाचे प्रमाण ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आसपास उतरले. ‘सी’ अजून कोणी पाहिलाही नव्हता, त्याची चाचणी वीस वर्षे दूर होती, तरी त्यातला मोठा वाटा टळला. कारण विकणाऱ्याला आपला पूर्वीचा आजार लपवण्याचे कारण असते. फुकट देणाऱ्याला ते नसते. त्याच वर्षी, १९७० मध्ये, रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या ग्रंथात हाच मुद्दा समाजशास्त्राच्या भाषेत मांडला होता.

आता परळकडे वळू. रक्ताच्या विज्ञानाबाबत हा परिसर मुळीच मागासलेला नव्हता, उलट भारतात तो अग्रेसर होता. प्लेगच्या लसीचे काम करणारी हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९२६ मध्ये केईएम रुग्णालय उघडले, १९४१ मध्ये टाटा मेमोरियल. १९५२ मध्ये केईएमशी संलग्न सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्याच रक्तगटाची नोंद केली. जगभरच्या रक्तपेढ्यांत तो आजही ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. शहराचे अधिकृत नाव बदलले, रक्तगटाचे बदलले नाही. पुढे १९५७ मध्ये रक्तगटांचे संदर्भ केंद्र स्थापन झाले. आजची केईएमच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था ती हीच.

पण रक्ताविषयीचे ज्ञान असणे ही एक गोष्ट आणि रक्त मिळणे ही दुसरी. ज्ञान परळात होते. रक्त कुठून येत होते?

शस्त्रक्रिया ठरली की नातेवाइकांना ‘बदली’ रक्त आणायला सांगितले जाई. रुग्णाला दोन बाटल्या लागणार, तर घरच्यांनी दोन माणसे उभी करायची. रत्नागिरीहून, साताऱ्याहून किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या रुग्णाचे या शहरात असे कोण असणार? जे असत त्यांतील पुष्कळांना रक्त दिल्याने कायमचा अशक्तपणा येतो अशी भीती वाटे. मोलमजुरी करणाऱ्या माणसाची ती भीती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, कारण त्याची दुसऱ्या दिवशीची मजुरी अंगातल्या ताकदीवरच उभी असे. ही पोकळी भरायला जो उभा राहिला त्याला सरकारी कागदांत ‘व्यावसायिक रक्तदाता’ म्हणत. या शब्दजोडीतील विसंगती कोणाला खटकली नाही, हे नवल आहे. जे विकले जाते ते दान कसे? मराठीत तर ‘दान’ या शब्दामागे शतकांचे पुण्य उभे आहे आणि तोच शब्द रक्त विकून संध्याकाळचे पोट भरणाऱ्या माणसालाही लावला गेला. ‘बदली’ म्हणून आणलेला तथाकथित पुतण्या किंवा मेहुणाही अनेकदा पैसे मोजून आणलेला असे. त्यामुळे कागदावरील नातेवाईक आणि प्रत्यक्षातील विक्रेता यांतील रेषा फार पुसट होती.

या व्यवस्थेला पर्याय शोधण्याचा प्रयत्नही मुंबईतच लवकर झाला. १९५४ मध्ये लीला मुळगावकर यांनी येथे ऐच्छिक रक्तदानाची मोहीम सुरू केली. भारतातील ऐच्छिक रक्तदानाचा इतिहास लिहिताना त्यांचे नाव आरंभी येते. लोकांनी अनोळखी माणसासाठी, मोबदल्याविना सुईला हात पुढे करावा, ही कल्पना तेव्हा जवळजवळ विलक्षण होती. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने विनामोबदला रक्तदानाचा पुरस्कार करणारा ठराव केला आणि त्याच वर्षापासून आपल्याकडे १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन पाळला जाऊ लागला. दिन पाळले गेले, तरी विक्रीही चालू राहिली.

आता त्या काळवंडलेल्या पानाकडे.

संपूर्ण रक्त दिले तर शरीराला ते भरून काढायला वेळ लागतो, म्हणून दोन रक्तदानांत तीन महिन्यांचे अंतर ठेवतात. प्लाझ्माचे तसे नाही. रक्त काढून ते फिरवून वेगळे करायचे, प्लाझ्मा ठेवून घ्यायचा आणि लाल पेशी त्याच माणसाला परत द्यायच्या. लाल पेशी परत मिळाल्याने अशक्तपणा फारसा येत नाही आणि तो माणूस थोड्याच दिवसांत पुन्हा विकायला येऊ शकतो. औषध कारखान्यांना इम्युनोग्लोब्युलिन, अल्ब्युमिन यांसाठी प्लाझ्मा हवा होता आणि गरजू माणसांना पैसे. या प्रक्रियेत धोका आहे तो परतीच्या वाटेवर. सुया, नळ्या, सलाइन यांत स्वच्छतेची हयगय झाली, तर एका माणसाचा विषाणू दुसऱ्याच्या शिरेत थेट सोडला जातो, आणि तो दुसरा पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच खाटेवर असतो. रोग पसरवण्यासाठी याहून कार्यक्षम यंत्रणा मुद्दाम आखूनही सापडणार नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे कल्याण बॅनर्जी आणि सहकारी यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पुण्यातील व्यावसायिक प्लाझ्मादात्यांत एचआयव्हीचा उद्रेक झाल्याचे नोंदवले. त्याच वर्षी भारतीय बनावटीच्या रक्तजन्य औषधांत एचआयव्हीचा माग सापडल्याने देशभर खळबळ उडाली. मुंबईला औषधांवरील देखरेखीच्या ढिलाईची ओळख आधीच झाली होती. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने १४ रुग्णांचे बळी घेतले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीने त्यामागची यंत्रणा चव्हाट्यावर आणली होती.

एचआयव्हीच्या धक्क्यात दुसरी गोष्ट मागे पडली. बॅनर्जी आणि विद्या अरणकल्ले यांच्या गटाने पश्चिम भारतातील व्यावसायिक प्लाझ्मादात्यांची हिपॅटायटिस सीच्या प्रतिपिंडांसाठीही तपासणी केली. तो शोधनिबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमाण निघाले शंभरात सत्त्याऐंशीच्या घरात.

या आकड्यापाशी जरा थांबले पाहिजे. ही माणसे मुळात रोगट म्हणून प्लाझ्मा विकायला आली नव्हती. आजूबाजूच्या इतर गरिबांहून ती फारशी निराळी असण्याचे कारण नाही. त्यांना रोग बहुधा विकण्याच्या जागीच मिळाला. इतिहासात ‘रक्त विकणारे घाणेरडे रक्त देतात’ असे वाक्य सहज लिहिले जाते, न्यायालयीन आणि वैद्यकीय लेखनातही ते सौम्य शब्दांत डोकावते. कार्यकारण पाहिले तर ते बरेचसे उलटे आहे. रक्त घेणाऱ्यांनी त्यांना बाधित केले आणि मग बाधित म्हणून हाकलले.

१९९० मध्ये केंद्र सरकारने एका सल्लागार संस्थेकडून देशातील रक्तपेढ्यांची पाहणी करून घेतली. हजारभर रक्तपेढ्यांपैकी निम्म्याहून अधिक विनापरवाना चालत असल्याचे तीत आढळले. हा अहवाल हाती घेऊन ‘कॉमन कॉज’ या संस्थेचे एच. डी. शौरी सर्वोच्च न्यायालयात गेले. ४ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला. राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा स्थापन करा, परवाने सक्तीचे करा आणि व्यावसायिक रक्तदान दोन वर्षांत बंद करा. १ जानेवारी १९९८ पासून पैसे देऊन रक्त घेणे देशभर बंद झाले. ज्यांचे पोट त्यावर चालत होते त्यांचे पुढे काय करायचे, यावर फारसा विचार झालेला दिसत नाही.

या सर्व काळात हिपॅटायटिस सीची चाचणी कुठे होती? विषाणू सापडला १९८९ मध्ये. अमेरिकेत वर्षभरात रक्तपेढ्यांनी ती सुरू केली. भारतात रक्ताच्या प्रत्येक पिशवीसाठी ती सर्वत्र सक्तीने लागू व्हायला शतक संपत आले. चाचणीचे संच महाग होते, एचआयव्हीने सगळे लक्ष आणि निधी खेचून घेतला होता आणि ‘आपल्याकडे सीचे प्रमाण कमीच आहे’ असा युक्तिवादही सोयीचा होता.

प्रमाण कमीच होते, हे खरे. सामान्य, न विकणाऱ्या रक्तदात्यांत ते तेव्हाही शंभरात एक-दोनांच्या आसपासच फिरत होते. पण ‘कमी’ म्हणजे कोणासाठी कमी? अपघातात आयुष्यात एकदा दोन बाटल्या रक्त घेणाऱ्यासाठी शंभरात एक हा धोका पत्करण्याजोगा वाटू शकतो. थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मलेल्या मुलाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, जन्मभर. मुंबईत सिंधी, लोहाणा आणि कच्छी समाजांत या आजाराचे वाहक अधिक आहेत. परळच्या वाडिया आणि केईएममध्ये तसेच शीवच्या रुग्णालयात अशी मुले पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत.

हिशेब करून पाहू. एका मुलाने पंधराव्या वर्षापर्यंत २५० पिशव्या रक्त घेतले असे धरा. हा आकडा मुळीच फुगवलेला नाही. चाचणी नसलेल्या काळात दात्यांतील प्रमाण शंभरात एक असेल, तर एकही बाधित पिशवी वाट्याला न येण्याची शक्यता उरते साधारण आठ टक्के. म्हणजे अशा शंभर मुलांपैकी ब्याण्णवांना निदान एक बाधित पिशवी मिळणार. प्रमाण एक टक्का नव्हे, ०.३ टक्के धरले, हजारात फक्त तीन, तरी सुटण्याची शक्यता ४७ टक्के. नाणेफेकीपेक्षाही थोडी वाईट. वर्तमानपत्रात ‘नगण्य’ म्हणून छापला जाणारा आकडा या मुलांच्या बाबतीत जवळजवळ निकालच ठरतो.

हा निव्वळ कागदी हिशेब नाही. मुंबईचे यकृततज्ज्ञ दीपक अमरापूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारंवार रक्त घेणाऱ्या थॅलेसेमियाग्रस्तांत हिपॅटायटिस बी, सी, डी आणि एचआयव्ही किती आढळतात याचा अभ्यास १९९२ मध्येच प्रसिद्ध केला होता. म्हणजे माहिती शहरात उपलब्ध होती, सक्ती यायची होती. अमरापूरकर हे नाव मुंबईकर वेगळ्या कारणाने विसरू शकत नाहीत. २९ ऑगस्ट २०१७ च्या पुरात एल्फिन्स्टन रोडजवळ उघड्या मॅनहोलमध्ये पडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे संशोधन त्या बातम्यांत दोन ओळींत आटोपले होते.

या काळातील एक दिवस वेगळा काढून पाहण्यासारखा आहे. १२ मार्च १९९३. शेअर बाजारापासून सेंच्युरी बाजारापर्यंत आणि दादरच्या प्लाझा चित्रपटगृहापर्यंत बारा ठिकाणी स्फोट झाले, २५७ माणसे गेली. जखमींचा लोंढा केईएमसारख्या रुग्णालयांकडे वळला आणि त्यांच्यामागोमाग रक्त द्यायला आलेल्या नागरिकांच्या रांगा लागल्या. ज्या शहरात रक्त मिळत नाही म्हणून ते विकत घ्यावे लागत होते, त्याच शहरात त्या संध्याकाळी देणारे अधिक झाले. माणसे देत नव्हती असे नाही. त्यांच्याकडे मागण्याची नियमित व्यवस्था नव्हती. आणि हेही खरे की त्या संध्याकाळी दिलेल्या रक्तावर हिपॅटायटिस सीची चाचणी करणे कोणत्याही रक्तपेढीला बंधनकारक नव्हते.

ती नियमित व्यवस्था पुढे उभी राहिली आणि तिच्या उभारणीत गिरणगावाचा वाटा ठसठशीत आहे. विक्री बंद झाली तेव्हा रक्ताचा तुटवडा होईल, अशी भीती व्यक्त झाली होती. ती पोकळी भरली गणेशोत्सव मंडळांनी, गोविंदा पथकांनी, कामगार संघटनांनी, महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेने आणि राजकीय पक्षांच्या शाखांनी. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ मध्ये सुरू झालेल्या सार्वजनिक उत्सवाच्या परंपरेत शंभर वर्षांनी रक्तदान शिबिर हे आरतीइतकेच ठरीव झाले. एप्रिल २०१० मध्ये शिवसेनेने गोरेगावात एका दिवसात २५ हजारांहून अधिक पिशव्या रक्त जमवून विक्रम नोंदवला. गेल्या दशकात महाराष्ट्र वर्षाला १५ लाखांहून अधिक पिशव्या जमवू लागला आणि त्यातील फार मोठा वाटा ऐच्छिक दात्यांचा होता. मंडळांची ही शिस्त वैद्यकीय इतिहासकारांनी पुरेशी नोंदवलेली नाही. चाळीतील कार्यकर्त्याला दारोदार जाऊन वर्गणी मागण्याचा सराव होता. त्याने त्याच दारांवर रक्त मागितले.

अर्थात शिबिरांचेही दोष आहेत. नेत्याच्या वाढदिवसाला गरजेपेक्षा जास्त रक्त गोळा होते आणि मे महिन्यात चाकरमानी कोकणात गेले, महाविद्यालये बंद झाली की रक्तपेढ्या रिकाम्या पडतात. भेटवस्तूंचा प्रश्न याहून गंभीर आहे. बॅग, घड्याळ, छत्री इथून सुरुवात होते. वस्तू जितकी महाग, तितका मागच्या दाराने मोबदला परत येतो आणि ‘पूर्वी कावीळ झाली होती का?’ या प्रश्नाला खरे उत्तर मिळण्याची शक्यता तितकी घटते.

आजचा आकडा काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीतील नमुने तपासून काढलेले देशातील हिपॅटायटिस सीचे प्रमाण ०.३२ टक्के आहे. ऐच्छिक रक्तदात्यांत ते सामान्यतः एक टक्क्याच्या बरेच खाली असते. रक्तदाते समाजाचा नमुना नसतात, हे येथे लक्षात ठेवावे लागते. आजारी, वृद्ध, फार गरीब माणसे आधीच गाळली जातात. जे पुन्हा पुन्हा देतात ते पूर्वी तपासून निघालेले असतात. त्यामुळे रक्तपेढीचा आकडा समाजातील रोगापेक्षा कमी दिसणे स्वाभाविक आहे, आणि एखाद्या रक्तपेढीत तो अचानक वाढला तर आधी तिथे रक्त कोण देत आहे हे पाहावे.

आकडा लहान झाल्यावर एक नवी अडचण उभी राहते. चाचणी कितीही चांगली असली तरी थोडी चुकते. समजा दहा हजार दात्यांत खरोखर बाधित तीस आहेत आणि चाचणी निरोगी माणसाला दोनशेत एकदा चुकून बाधित ठरवते. मग तीस खऱ्यांबरोबर जवळपास पन्नास निरोगी माणसेही ‘पॉझिटिव्ह’ निघतील. यादीतील निम्म्याहून अधिक लोकांना रोग नसेलच. १९८० च्या दशकातील प्लाझ्मा विक्रेत्यांच्या यादीत अशी चूक जवळजवळ दिसलीच नसती, कारण तिथे निरोगी माणसे उरली होतीच कुठे? पिशवी फेकून देताना या चुकीने बिघडत नाही. माणसाला सांगताना मात्र बिघडते. म्हणूनच पहिल्या चाचणीनंतर दुसरी, विषाणूच्या जनुकाचा शोध घेणारी चाचणी आवश्यक असते. उलट बाजूची उणीवही आहे. लागण झाल्यावर प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण दोन महिने जातात आणि त्या काळात दिलेले बाधित रक्त प्रतिपिंडांच्या चाचणीतून निसटू शकते. ‘नॅट’ ही महागडी चाचणी हे अंतर आठवडाभरावर आणते, पण सर्व रक्तपेढ्यांना ती बंधनकारक नाही. २५० पिशव्यांचा तो हिशेब त्यामुळे शून्यावर आलेला नाही, फक्त फार लहान झाला आहे.

आणि माणसाला सांगायचे की नाही, हाही प्रश्न बराच काळ लोंबकळत होता. एचआयव्हीच्या आरंभीच्या काळात चाचणी पिशवीची होई, दात्याची नव्हे. पिशवी नष्ट केली जाई आणि दात्याला कळवण्याचे बंधन नसे. हिपॅटायटिस सीबाबत तर कळवून तरी काय करणार, अशी स्थिती होती. इंटरफेरॉनची इंजेक्शने वर्षभर घ्यावी लागत, त्रास प्रचंड होई, खर्च मध्यमवर्गालाही न पेलणारा होता आणि गुण येण्याची खात्री नव्हती.

ही स्थिती २०१३ नंतर पालटली. सोफोसबुवीर हे तोंडाने घ्यायचे औषध अमेरिकेत आले तेव्हा एका गोळीची किंमत हजार डॉलर होती. २०१५ पासून भारतीय कंपन्यांची स्वस्त आवृत्ती निघाली, आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात ती सरकारी केंद्रांवर विनामूल्य मिळू लागली. बहुतेक रुग्णांना बारा आठवड्यांच्या गोळ्या पुरतात आणि शंभरातील पंच्याण्णव जण बरे होतात. पूर्वीच्या रक्तातून विषाणू मिळालेली थॅलेसेमियाची जी मुले प्रौढ होईपर्यंत टिकली, त्यांनाही हे औषध मिळू शकते.

म्हणून आता शिबिराच्या अर्जावर दूरध्वनी क्रमांक नीट लिहिण्याला अर्थ आला आहे. रक्तपेढीचा फोन येतो, समुपदेशक भेटीला बोलावतात, दुसरी चाचणी होते, गरज असेल तर उपचार सुरू होतात. पुष्कळ दाते फोन उचलत नाहीत किंवा पत्ता बदललेला असतो. जे येतात आणि बरे होतात त्यांच्यासाठी एक नियम मात्र बदललेला नाही. विषाणू गेला तरी त्याची प्रतिपिंडे रक्तात वर्षानुवर्षे राहतात आणि पुढची प्रत्येक तपासणी त्यांना पुन्हा ‘पॉझिटिव्ह’च दाखवते. त्यामुळे मंडळाच्या पुढच्या शिबिरात ते खुर्च्या मांडू शकतात, नोंदवहीवर बसू शकतात, चहा-बिस्किटे वाटू शकतात. रक्त देण्यास मात्र ते कायमचे अपात्र राहतात.